थंडीत पहाटेच्या पहिल्या बॅचची शेव तुटते, मिक्सिंगमध्ये काय चुकतंय?

अंबड_रात्रपाळी
बारीक शेव, सिग्मा मिक्सर (आडव्या, वळणदार दोन पात्यांचं पीठ मळायचं यंत्र), २५ किलो बेसनाची बॅच. पामोलीनचं मोहन २ किलो, मीठ ६०० ग्रॅम, पाणी ११ लिटरच्या आसपास. दुपारी याच मापात शेव खुसखुशीत निघते. थंडी पडल्यापासून पहाटे पाचच्या पहिल्या दोन बॅच मात्र बिघडतात. काही तारा कढईत पडताच तुटतात, काही दाताखाली कडक लागतात, घाणा काढताना झाऱ्यात भुगा येतो. पाणी वाढवलं की शेव तेलकट होते. नेमकं कुठे बघावं?

सातपूर_मिक्सिंग
पाण्याला हात लावू नका, आधी मोहन बघा. एकाच बॅचमध्ये तुटकी आणि कडक शेव सोबत येते, म्हणजे मोहन सगळीकडे सारखं लागलेलं नाही. पामोलीन १० अंशांच्या आसपास गढूळ होऊन थिजायला लागतं आणि नाशिकची पहाट डिसेंबर-जानेवारीत त्याखालीही जाते. ड्रममध्ये तळाला पांढरा थर बसला असेल तर वरून काढलेलं आणि तळाचं तेल सारखं नसतं. थिजलेलं मोहन बेसनाच्या कणांवर पसरत नाही, त्याच्या गुठळ्या होतात. गुठळी असेल तिथे तार तुटते, मोहन पोचलं नाही तिथे कडक राहते.

ड्रम ढवळून, लागेल तेवढं तेल ५०-६० अंशांपर्यंत गरम करा. आधी बेसन, मीठ, तिखट, हळद कोरडंच २-३ मिनिटं फिरवा, मग चालत्या मिक्सरमध्ये मोहन बारीक धारेने सोडा. ३ मिनिटांनी मिक्सर बंद करा, पॅनलचं मेन स्विच पाडा आणि मगच चार ठिकाणचं पीठ मुठीत दाबून बघा. मूठ वळली पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर मोकळी झाली पाहिजे. तसं होईपर्यंत पाणी घालायचं नाही.

आणि मोहन मगाने मोजत असाल तर ते आजच थांबवा. २ लिटर तेल भरतं १.८ किलोच्या आसपास. काट्यावरच घ्या.

बेसन_आणि_जाळी
मोहनाचं पटलं. पण पाण्याचं 'आसपास' मला खटकतं. बेसनाचा लॉट बदलला की पाणी बदलतं. दळण जाडं असेल किंवा वाटाण्याचं पीठ मिसळलेलं असेल तर फरक लगेच दिसतो. नवीन लॉट उघडला की १०० ग्रॅम बेसन वाटीत मोजून पाण्याने भिजवा आणि जुन्या लॉटच्या गोळ्याशेजारी ठेवून दाबून बघा. बॅचमध्ये १० लिटर आधी घाला, उरलेलं अर्ध्या-अर्ध्या लिटरने. पहाटे पाणी ३०-३५ अंशांचं घ्या. टाकीच्या गार पाण्याने आत्ता लावलेलं मोहन पुन्हा थिजतं.

तेलकटपणाचं कारण जास्तीचं पाणी. तळताना ते वाफ होऊन निघतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेल शिरतं. सोडा टाकून शेव हलकी करायला जाल तर तेल आणखी पितं, रंगही लालसर येतो.

अंबड_रात्रपाळी
दोघांचेही आभार. मोहन मगानेच घेतलं जातं, ड्रम पत्र्याच्या शेडमध्ये उघड्यावर आहे. अजून एक, दुसऱ्या बॅचला शेव पाडायची जाळी तुंबते. ओवा अख्खा टाकतो.

बेसन_आणि_जाळी
बारीक जाळीला अख्खा ओवा चालतच नाही. वाटून पाण्यात घाला आणि ते पाणी गाळून घ्या. बेसन चाळूनच घ्या. भिजवलेला गोळा ओल्या कापडाखाली ठेवा आणि २० मिनिटांत संपवा. वर सुकलेला पापुद्रा जाळीत अडकतो.

सातपूर_मिक्सिंग
मिक्सरच्या पात्यामागे आणि शाफ्टच्या सीलपाशी कालचं पीठ वाळून बसलेलं असतं, त्याचे खडेही जाळीतच येतात. पाळी संपताना ओलं असतानाच खरवडा. खरवडताना नुसतं स्टॉपचं बटण पुरत नाही: मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात. झाकणाचा लिमिट स्विच (झाकण उघडताच मिक्सर थांबवणारा) तार बांधून निकामी केलेला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत त्या मिक्सरवर बॅच लावू नका. सिग्माची पाती मनगट सोडत नाहीत.