सल्ला हवा: कच्च्या कैद्यांची गृहचौकशी करणाऱ्या टीमवर देखरेख कशी ठेवावी? (सांगली)

मुक्ता_मिरज:
नमस्कार मंडळी. मी मिरजेची, काम सांगली जिल्हाभर. आमची लहानशी संस्था कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्यांसाठी, काम करते. तुरुंगात भेटायचं, घरी जाऊन सामाजिक-आर्थिक चौकशी करायची, जामीन झाला की माणूस तारखेला हजर राहतोय ना ते बघायचं. अहवाल जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) जातात. टीममध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली तरुण मुलं-मुली आणि काही विधी स्वयंसेवक. आधीच्या ताई सोडून गेल्या आणि देखरेख माझ्या गळ्यात आली.

अहवाल सगळे एका साच्यातले. 'परिस्थिती हलाखीची, गावात वर्तन चांगले.' परवा जतच्या मेंढपाळाच्या अहवालात 'द्राक्षबागेत मजुरी' निघाली, तासगावच्या जुन्या फाइलमधून जशीच्या तशी आलेली! शिवाय एकजण जामिनावरच्या माणसांशी हवालदारासारखा बोलतो, आणि एकजण घरच्यांना स्वतःच्या पाकिटातून पैसे देते. दोघंही जीव लावून काम करतात, म्हणून तर बोलायला अवघड जातं. काय तपासू, काय सोडून देऊ?

वाईकर_निवृत्त:
मुक्ताताई, परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी झाली, आता घरीच असतो. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

अहवाल किती झाले ते मोजू नका. मोजायला लागलात की साचा आलाच म्हणून समजा. त्याऐवजी अहवालाच्या प्रत्येक वाक्यापुढे समासात लिहायला लावा: हे कुणी सांगितलं, की स्वतः पाहिलं? 'पत्नी शिवणकाम करते' हे कुणीही लिहील. 'पायाने चालवायचं मशीन ओट्यावर, शेजारणींचे ब्लाऊज घडी घालून ठेवलेले, महिन्याची कमाई तिने सांगितली, वहीत हिशोब दाखवला' हे घरी गेल्याशिवाय लिहिता येत नाही. पंधरवड्यातून एकदा कुठलाही एक अहवाल उचला आणि कार्यकर्त्याला न सांगता त्या घरी जा. चूक पकडायला नाही, तर त्याला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसतं का ते बघायला.

काय बघायचं त्याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच घालून दिली: त्या गावात किती वर्षं राहतो, कामधंदा आणि ऐपत काय, घरची नाती कशी, लौकिक, आधीचे गुन्हे, पूर्वी जामिनावर असताना हजर राहिला का, आणि त्याच्यासाठी शब्द टाकणारं जबाबदार माणूस कोण. शेवटचा मुद्दा आपल्याकडची पोरं हटकून विसरतात. नुसते 'सरपंच' नकोत. सरपंच सगळ्यांसाठीच शब्द टाकतात.

आणि वाईटही लिहायला शिकवा. मागे दोन तारखा चुकवल्या असतील तर त्या अहवालात आल्याच पाहिजेत, कारणासह. सगळं गोडगोड लिहिलेला अहवाल कोर्टाने एकदा ओळखला की पुढचे दहा कोणी उघडत नाही.

ॲड_कराड:
काकांशी सहमत. एक भर, आणि ही पाळलीच पाहिजे. कार्यकर्त्याने आरोपीला घटनेबद्दल विचारायचं नाही. वकिलाला जे गोपनीयतेचं संरक्षण आहे ते समाजकार्यकर्त्याला नाही; उद्या साक्षीला बोलावलं तर सांगावं लागेल. तो आपणहून सांगू लागला तर थांबवून 'हे वकिलांशी बोला' म्हणायचं. फॉर्ममध्ये 'गुन्ह्याची हकीकत' असा रकाना असेल तर आधी तो काढा.

शिवाय आठवड्याच्या बैठकीत प्रत्येक फाइलवर तीन तारखा दिसायला हव्यात: अटकेची, जामीन मंजूर झाल्याची, पुढची. जामीन होऊन ७ दिवसांत सुटका नाही तर तुरुंग अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाला स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. तुमचा अहवाल खरा कामाला येतो तो इथे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ सुद्धा माहीत हवं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, नाहीतर निम्मा काळ आत गेला की जामिनाचा विचार. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना लागू नाही, आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर अडतं.

पाकिटातून पैसे देणाऱ्या ताईंना रागावू नका, गरीब कैद्यांसाठीची केंद्राची योजना दाखवा. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळते, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत. अमली पदार्थ, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार या केसेस मात्र तिच्यात बसत नाहीत.

जर्सीतला_सांगलीकर:
विश्रामबागचा, सध्या न्यू जर्सीत. इथे १ जानेवारी २०१७ पासून रोख जामीन जवळपास संपला. कोर्टाचे कर्मचारी नऊ मुद्द्यांवर गुण काढतात: वय, चालू केसेस, आधीच्या शिक्षा, हजर न राहण्याचा इतिहास वगैरे. त्यासाठी मुलाखतही लागत नाही. असा गुणतक्ता केलात तर साच्याचा आणि मर्जीचा दोन्ही प्रश्न सुटतील.

पारावरची_अलका:
दादा, तिकडे ठीक आहे. इकडे फलटण-माण भागात पारधी वस्तीवर चोरी झाली की आधी तिथलीच पोरं उचलतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का १९५२ मध्ये कागदावर पुसला, डोक्यातून नाही. गुणतक्त्यात त्या पोराला कायमच 'धोका जास्त' येणार.

जर्सीतला_सांगलीकर:
मुद्दा बरोबर. इथेही या तक्त्यांवर वंशभेदाची टीका होतेच. निदान नुसती अटक मोजू नका, शिक्षा झाली असेल तरच मोजा.

एसटीने_फिरणारा:
मी स्वयंसेवक आहे, तर आमच्या बाजूनेही थोडं. जतच्या वाडीवर जायला दोन एसट्या बदलाव्या लागतात आणि पुढे चालत. प्रवासखर्च महिन्याच्या शेवटी मिळाला तर माणूस फोनवरच चौकशी उरकणार. देखरेखीची सुरुवात तिथून करा, ताई.

तारखेची आठवण आदल्या दिवशी संध्याकाळी सातनंतर, माणूस शेतातून आल्यावर. ऊसतोडीवर गेलेल्यांसाठी मुकादमाचा नंबर ठेवा.

ॲड_कराड:
मुकादमाला केसबद्दल अजिबात सांगू नका! उचल (आगाऊ पैसे) घेतलेल्या माणसाला मुकादम टोळीतून काढेल किंवा दाबून ठेवेल. घरच्यांपैकी एकाचा नंबर घ्या, तोही आरोपीने स्वतः दिलेला. आणि जामीनदार बीडचा आहे म्हणून अडवलं, तर मोतीराम प्रकरण सांगा. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीनदार नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच चुकीचं ठरवलं.

मुक्ता_मिरज:
सगळ्यांचे आभार, समासाची पद्धत सोमवारपासून सुरू करते. एक राहिलंच. आमच्या 'हवालदारा'ने जामिनावरच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, रोज लाइव्ह लोकेशन मागतो. कोर्टाची अशी अट नाही.

ॲड_कराड:
आजच बंद करा. कोर्टालासुद्धा अशी अट घालता येत नाही. फ्रँक व्हायटस प्रकरण, जुलै २०२४: जामिनावरच्या माणसाने गुगल मॅपवर पिन टाकून ठावठिकाणा कळवत राहावा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाला दुसऱ्याचा नंबर आणि नाव कळतं, ते वेगळंच.

वाईकर_निवृत्त:
ग्रुप बंद करताना त्याला सगळ्यांसमोर बोलू नका. त्याला एकदा कोर्टात दिवसभर बसवा, आपल्याच माणसांच्या तारखेला. कोण कशामुळे उशिरा येतं ते बघू दे. चौकशीचा नमुना फॉर्म व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, आधीच्या सुट्ट्यांमध्ये नातवाने टाइप केलाय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.