गरम झाल्यावर गाडी स्टार्ट घेत नाही, गार असताना एका सेल्फमध्ये चालू

गोठ्यावरचा_डॉक्टर (फलटण)

नमस्कार मंडळी. मी जनावरांचा डॉक्टर. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरणं होतं, कधी साखरवाडी-तरडगाव, कधी उलट्या बाजूला बरड-गुणवरे. गाडी 2007 ची, पेट्रोल, इंजेक्शनवाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की निम्मे लोक "विकून टाका" सांगायला येतात.

सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. पहिल्या गोठ्यावर जातो. गाय भरवायची म्हणजे वीस मिनिटं, चहा नको म्हटलं तरी अर्धा तास. बाहेर येऊन किल्ली फिरवली की इंजिन गरागरा फिरतं, पण पेट घेत नाही. सात-आठ सेल्फ खाल्ल्यावर खोकत खोकत उठते. दुपारी घरी जेवून, जरा आडवा होऊन तीन तासांनी निघालो की पुन्हा शहाण्यासारखी.

महिनाभर रेतनाच्या नोंदवहीत मागच्या पानावर टिपून ठेवलंय, बंद केल्यावर किती मिनिटांनी मारली आणि किती सेल्फ लागले. 20 ते 45 मिनिटं हा वाईट काळ. दोन तास गेले की काही तक्रार नाही.

आतापर्यंत बॅटरी, प्लग आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकून झाले. नऊ हजार गेले. आता गॅरेजवाला पेट्रोल पंप बदलू म्हणतोय. चेक लाइट लागत नाही. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवायची असते, ती माझ्या सेल्फसाठी थांबत नाही. काय बघू?

पद्मिनीवाला

वाफ धरतेय. आम्ही घाटात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचो. दहा मिनिटांत चालू! सोबत पाण्याची बाटली ठेवा.

फिटर_नाशिक

काका, ते कार्बोरेटरच्या गाड्यांचं. तेव्हा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा आणि टाकीतून पेट्रोल ओढून आणायचा, म्हणून तापला की वाफ धरायचा. डॉक्टरांच्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला आहे आणि लाइनला तीन बारच्या आसपास प्रेशर असतं. फडकं टाकायचं तर कुठे टाकणार?

डॉक्टर, नोंदवही बघून बरं वाटलं. गिऱ्हाईक येतं ते "कधीकधी होतं" एवढंच सांगतं. इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, पण लोखंड तापलेलंच असतं. म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखाली उष्णता उलट वाढते. तुमचा वाईट काळ तिथेच सुरू होतोय.

सेल्फ जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर सोडा. ते दोषी असते तर सेल्फ कण्हत फिरला असता. तुमची जुनी बॅटरी बहुधा ठीक होती. राहिल्या तीन शक्यता: पेट्रोल मिळत नाही, पेट्रोल जास्त मिळतंय, किंवा ठिणगीच पडत नाही. पंप बदलायच्या आधी फुकटच्या दोन गोष्टी करा.

पुढच्या वेळी अडली की सेल्फ मारू नका. किल्ली नुसती ऑन करा, मागच्या सीटखाली पंपाचा दोन-तीन सेकंद आवाज येईल, थांबेल. बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर लाइनचं प्रेशर उतरत होतं, मग पंपाच्या व्हॉल्व्हचा विचार करू.

त्याने फरक पडला नाही, तर त्याच्या पुढच्या खेपेला ॲक्सिलेटर तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. पुन्हापुन्हा दाबायचा-सोडायचा नाही, दाबूनच ठेवायचा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पूर्ण ॲक्सिलेटर आणि सेल्फ एकत्र दिसले की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो आणि नुसती हवा जाते. तशी चालू झाली तर समजायचं, आत पेट्रोलचा पूर होता.

नदीपलीकडची (रत्नागिरी)

माझ्या गाडीला हेच होत होतं, निघाला क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा. तापला की सिग्नल बंद, गार झाला की सुरू. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नव्हता, त्यावरून कळलं. पण माझी गाडी गरम असताना अजिबात चालू व्हायची नाही, खोकणं वगैरे नाही. डॉक्टरसाहेब, काटा बघा तुमचा.

गोठ्यावरचा_डॉक्टर

चार दिवसांचा रिपोर्ट.

ताई, काटा हलतो. दोनशेच्या आसपास थरथरतो.

किल्ली तीनदा ऑन-ऑफ केली, तरडगावला. काही फरक नाही. ॲक्सिलेटर दाबून मारली, गुणवऱ्याला. तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात उठली! मागून काळा धूर, आणि पेट्रोलचा असा वास की गोठ्याचा मालक बादली घेऊन बाहेर आला.

आणखी एक, जे आधी लिहायला हवं होतं. ॲव्हरेज 17 वरून 14 वर आलंय. पावसाळ्यानंतरच आलंय, पण खड्ड्यांच्या नावावर खपवलं होतं.

फिटर_नाशिक

मग पंप नाही. पंप कमी पडणारी गाडी काळा धूर सोडत नाही.

आता पूर कोण आणतंय ते बघायचं. इंजेक्टर ठिबकत असेल, किंवा कॉम्प्युटरला इंजिन गार वाटत असेल. ॲव्हरेज पडलंय म्हणून माझा वहीम दुसऱ्यावर. कूलंट टेम्परेचर सेन्सर गार दाखवतोय असं समजा: कॉम्प्युटर तापलेल्या इंजिनाला हिवाळ्यातल्या पहाटेएवढं पेट्रोल पाजणार. सकाळी इंजिन खरंच गार असतं, तेव्हा ही चूक खपून जाते.

तुमच्या डॅशबोर्डच्या काट्यावर जाऊ नका. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो. गॅरेजमधल्या स्कॅनरवर बिघाडाचे कोड बघू नका, गाडी तापलेली असताना कूलंटच्या तापमानाचा चालू आकडा बघा. सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तर लाइट लागते. 85 च्या जागी 40 दाखवला तर कॉम्प्युटर बऱ्याचदा गप्प बसतो, कारण 40 हा आकडाही शक्य कोटीतलाच.

आणि आजच्या आज एक करा. एसी बंद ठेवून गाडी उभ्यानं चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. कॉम्प्युटरला गार वाटत असेल तर पंखा लागणार नाही, आणि ट्रॅफिकमध्ये सापडलात तर हेड गॅस्केट जाईल. काटा वर चढायला लागला की लगेच बंद करा.

गोठ्यावरचा_डॉक्टर

पंखा लागला नाही. काटा निम्म्याच्या वर गेला, घाबरून बंद केली. एसी लावल्यावर मात्र पंखा फिरतो, म्हणजे पंख्याची मोटर जिवंत आहे.

स्कॅनरवर इंजिन चटके देत असताना 38 अंश. गॅरेजवाला स्कॅनर आपटून बघत होता.

सेन्सर नवा मागवणार होतो, पण तुम्ही आधी मोजायला शिकवलंत म्हणून मल्टिमीटर लावला. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर, गरम असताना, 330 ओहम. माझा मीटर स्वस्तातला, विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना सेन्सर काढला (वाटीभर कूलंट सांडलं, नंतर भरलं) आणि रेतनाची कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) ज्या पाण्यात सोडतो त्या 37 अंशाच्या फ्लास्कमध्ये बुडवला. कांडीला तिथे तीस सेकंद लागतात, याला पाच मिनिटं दिली. तेराशेच्या आसपास. बरोबर आहे का हे?

फिटर_नाशिक

अगदी बरोबर. या जातीचे सेन्सर 20 अंशाला अडीच हजार, 40 ला अकरा-बाराशे, 80 ला तीनशेच्या आसपास दाखवतात. सेन्सर ठणठणीत आहे. मग 38 आला कुठून? वाटेत कुठेतरी हजारभर ओहमची भर पडतेय. सकाळच्या अडीच हजारात हजार मिसळले तर फारसं बिघडत नाही, पण दुपारच्या तीनशेत मिसळले की सगळा हिशोब फिरतो. कनेक्टर उलटा करून उजेडात बघा.

गोठ्यावरचा_डॉक्टर

बघितला. एका पिनेच्या तोंडाशी हिरवट भुकटी, जुन्या तांब्याच्या भांड्यावर येते तशी. आतलं रबरी सील एका बाजूला मुडपलेलं.

आणि कारणही कळलं. लाळ्या-खुरकूतची साथ होती तेव्हा प्रत्येक गावाहून आल्यावर गाडी धुऊन घेत होतो. वॉशिंगवाल्याला मीच सांगायचो, बॉनेट उघडून प्रेशर मार, शेणाचा कण राहता कामा नये.

कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, पिना बारीक ब्रशने घासल्या, सील सरळ केलं. स्कॅनरवर 87. पंखा लागला. काल बरडला 35 मिनिटं थांबून एका सेल्फमध्ये चालू झाली. नोंदवहीत "1" लिहिला आणि खाली रेघ मारली.

फिटर_नाशिक

घासलेली पिन पुन्हा हिरवी होते. कनेक्टर वायरीच्या शेपटीसकट सुटा मिळतो, दोनशे-तीनशे रुपयांत, सवडीनं बदलून घ्या. तोवर सीलवर जरा डायइलेक्ट्रिक ग्रीस (कनेक्टरात ओल जाऊ न देणारं) लावा. ॲव्हरेज किती येतंय ते चार टाक्यांनंतर इथेच लिहा.

पद्मिनीवाला

म्हणजे पाणी मारल्यामुळेच बिघडली की.