आपत्तीच्या जागी पाहुणे म्हणून गेल्यावर : आपले अनुभव लिहा

(पुणे)
यंदा कच्छच्या सहलीत भुजिया डुंगरावरचे स्मृतिवन पाहिले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी उभारलेले हे स्मारक २०२२ मध्ये खुले झाले. उतारावर लहान लहान बंधारे घालून पावसाचे पाणी अडवले आहे आणि त्या पाण्याच्या काठाने मृतांची नावे लावली आहेत. गुजराती अक्षरे अडखळत लावता लावता एकाच आडनावाची कितीतरी नावे पाठोपाठ आली, तेव्हा पाय पुढे उचलेना. संग्रहालयात मात्र भूकंपाचे हादरे अनुभवण्यासाठी एक दालन आहे आणि आमच्यातली काही मंडळी तिथून हसत, पुन्हा एकदा जाऊ या म्हणत बाहेर आली. आमचे गाडीचालक भुजचेच होते. ते आत आलेच नाहीत. त्या सकाळी ध्वजवंदनासाठी मैदानात उभे होतो म्हणून वाचलो, एवढेच त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितले. भूकंप म्हणजे काय हे मुलांना कळावे म्हणून असे दालन असावे, हे मला पटते; तरी ते हसू आठवले की आजही अपराधी वाटते, कारण त्यात माझा मुलगाही होता आणि मी त्याला काहीच समजावून सांगितले नव्हते. अशा ठिकाणी आपण गेला असाल, तर तिथे काय जपलेले दिसले, काय खटकले आणि आपण स्वतः कसे वागलात, हे कृपया लिहावे.

(नाशिक)
रामेश्वरच्या यात्रेत धनुष्कोडीला गेलो होतो. डिसेंबर १९६४ मधल्या चक्रीवादळात हे गाव उद्ध्वस्त झाले आणि स्थानकाकडे येणारी पॅसेंजर गाडी शंभराहून अधिक प्रवाशांसह समुद्रात गेली. वाळूत पडक्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या सावलीला शंख-शिंपल्यांची दुकाने आहेत. आमच्या वाटाड्याने रामसेतूविषयी अर्धा तास सांगितले, वादळावर दोन वाक्ये. वादळात मोडलेला पांबनचा पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा केला, ही हकिगत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. पण त्या गाडीतल्या प्रवाशांची नावे मी शोधूनही मला तिथे कुठे दिसली नाहीत.

(भोपाळ)
आमचे कुटुंब दोन पिढ्या इथे आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की तलावानंतर ‘तो कारखाना’ पाहायचा असतो. मी आधी त्यांना त्यासमोरच्या वस्तीजवळ, मुलाला कवटाळलेल्या आईच्या पुतळ्यापाशी नेतो. वायुगळतीनंतर वर्षभरातच, १९८५ मध्ये, एका डच शिल्पकार बाईंनी तो घडवला. मग बचावलेल्यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये सुरू झालेले संग्रहालय दाखवतो. तिथे कपडे, खेळणी अशा घरगुती वस्तू आहेत आणि त्यांच्यामागची कहाणी घरच्याच माणसाच्या आवाजात ऐकता येते. तिथून निघाल्यावर कारखान्यासमोर छायाचित्र काढायचे, असे अजून एकाही पाहुण्याने म्हटलेले नाही.

(लातूर)
भुजच्या त्या चालकांविषयी वाचून लिहावेसे वाटले. किल्लारीजवळचे आमचे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास पडले. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून सगळे उशिरा झोपले होते. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाची जड माती, असे ते घर उन्हाळ्यात गारवा द्यायचे. त्याच भिंती अंगावर आल्या आणि माझी आजी व धाकटा भाऊ गेले. त्यानंतरच्या दिवसांत बघ्यांच्या जीपगाड्यांची अशी रांग लागली की मदतीचे ट्रक खोळंबले. आम्ही ढिगारे उपसत होतो आणि अनोळखी माणसे बांधावर उभी राहून पाहत होती. त्यांतल्या काहींनी नंतर घमेलीही उचलली, हेही मला सांगायला हवे.

नवे गाव दूर, सरळ रस्त्यांचे आणि एकसारख्या घरांचे झाले. जुन्या जागी आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. दर ३० सप्टेंबरला किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो, तिथे मी जातो. पण माझ्यासाठी खरे स्मारक आमच्या दाराचा दगडी उंबरठा आहे, जो जागचा हललेला नाही. मागच्या वर्षी वास्तुशास्त्र शिकणारी दोन मुले तो पाहायला आली. त्यांनी छायाचित्र काढण्याआधी विचारले, आणि घरात कोण कुठे झोपलेले होते हे मला सांगावेसे वाटेल का, असेही विचारले. मी त्यांना बाभळीतून वाट काढत आत नेले आणि आमचे देवघर कुठे होते ते दाखवले.