अनुभव धागा : खेळी मोठी कशाने ठरते, आणि कर्णधार बदलला की आपण नेमके कोणाला जोखतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदिवसीय संघाचे कर्णधारपद रोहित शर्माकडून शुभमन गिलकडे गेले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात रोहितने अंतिम सामन्यात ७६ धावा करून चॅम्पियन्स करंडक उचलला होता. कर्णधारपद गेल्यानंतरच्या पहिल्याच मालिकेत त्याने सिडनीला नाबाद १२१ धावा केल्या आणि आमच्या मित्रमंडळींत सरळ दोन तट पडले. एका तटाच्या मते ती निवड समितीला मारलेली सणसणीत चपराक होती. दुसऱ्याचे म्हणणे असे की, मालिका आधीच हातातून गेलेली असताना काढलेल्या शतकाला एवढे डोक्यावर घेण्याचे काही कारण नाही. दोन्हीकडच्या युक्तिवादांत प्रत्यक्ष खेळीविषयी चकार शब्द नव्हता, आणि तेच मला खटकले.

म्हणून हा धागा. एखादी खेळी किंवा एखादा कर्णधारबदल निवडावा; स्वतः पाहिलेला, ऐकलेला किंवा घरातील वडीलधाऱ्यांकडून कानावर आलेला कोणताही चालेल. तो आपण कोणत्या मोजपट्टीने मोजतो आणि का, ते सविस्तर लिहावे. व्यक्तिपूजा आणि चिखलफेक, दोन्ही कृपया टाळावे.

दादर, मुंबई (निवृत्त शिक्षक)

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने पतौडी गेले आणि अजित वाडेकर कर्णधार झाले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आनंद होता, परंतु त्या आनंदात धाकधूकही होती. कारण पतौडींच्या कर्तृत्वाविषयी आमच्यापैकी कोणालाही शंका नव्हती. आज मात्र मर्चंट यांचे ते मत दूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगितले जाते. हे मला अर्धेच मान्य आहे.

किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत पहिला दिवस पावसात वाहून गेला होता आणि भारताची अवस्था ५ बाद ७५ झाली होती. तेथून दिलीप सरदेसाई यांनी एकनाथ सोलकर यांना हाताशी धरून डाव उभा केला, स्वतः २१२ धावा केल्या आणि भारत ३८७ पर्यंत पोहोचला. वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. एक दिवस कमी झाल्यामुळे फॉलोऑनसाठी १५० धावांची आघाडी पुरेशी होती, हा नियम वाडेकरांच्या नेमका लक्षात होता. त्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन सोबर्सना पुन्हा फलंदाजीस येण्यास सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेचा नूर त्या क्षणी पालटला असे मी मानतो. पुढे पोर्ट ऑफ स्पेनचा विजय, गावसकरांच्या चार कसोटींतील ७७४ धावा आणि नंतर इंग्लंडमध्ये ओव्हलवर चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी हे सर्व सर्वांना ठाऊक आहे.

माझा मुद्दा असा की, मडगावच्या सरदेसाईंची ती खेळी झाली नसती आणि भारताचा डाव ३८७ च्या जागी १०० वर संपला असता, तर मर्चंट यांचे तेच मत आज मुंबईकरांच्या वशिल्याचा पुरावा म्हणून उगाळले गेले असते. निर्णय तोच, माणसेही तीच. पण एका फलंदाजाने साथ दिली म्हणून तो शहाणपणाचा ठरला. याची दुसरी बाजू तीन वर्षांनी दिसली. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारत ४२ धावांत गारद झाला, मालिका ३-० अशी गेली आणि वाडेकरांची कारकीर्दच संपुष्टात आली. १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदूरला उभारलेल्या सिमेंटच्या बॅटचे लोकांनी १९७४ मध्ये विद्रूपीकरण केले. त्यामुळे कर्णधारबदल योग्य होता की नाही, हे मी निर्णयाच्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरूनच ठरवतो. पतौडींनी संघाला परदेशात जिंकायची सवय लावायला सुरुवात केली होती. १९६८ मधील न्यूझीलंडचा मालिका विजय त्यांचाच. त्यांना काढण्याचे कारण मला तेव्हाही पुरेसे वाटले नव्हते, आणि वाडेकरांनी पुढे जे केले त्यामुळे ते पुरेसे ठरत नाही.

गिरगाव, मुंबई (क्लब क्रिकेटमध्ये गुणलेखक)

मी अनेक पावसाळे कांगा लीगमध्ये वही घेऊन बसलो आहे. ज्यांनी ही स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : १९४८ पासून चालू असलेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाते, खेळपट्टी ओली, बाहेरचे गवत घोट्याएवढे, आणि जमिनीवरून मारलेला खणखणीत फटका तीस पावलांवर चिखलात रुतून बसतो. अशा दिवशी कोणी ३० धावा केल्या, तर वहीत ३०च लिहिल्या जातात. खेळपट्टीसाठी आमच्या वहीत रकाना नाही. त्या धावा काढून परतणाऱ्याला तंबूतील जुने खेळाडू उठून जागा देतात, हीच काय ती नोंद.

म्हणून माझ्या लेखी गावसकरांची सर्वांत मोठी खेळी म्हणजे १९८७ मध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध काढलेल्या ९६ धावा. चौथ्या डावात २२१ धावांचे लक्ष्य होते. पाकिस्तानचा पहिला डाव ११६ धावांत संपवणाऱ्या मणिंदर सिंग यांचे २७ धावांत ७ बळी पाहिले, तर खेळपट्टी कशी होती हे कळते. इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद यांनी त्या सामन्यात प्रत्येकी नऊ बळी घेतले. भारताच्या दुसऱ्या डावात गावसकर सोडून कोणालाही तिशी गाठता आली नाही. उसळणारा चेंडू ते हात सैल सोडून पायाशी पाडत होते. फलंदाजाजवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकांपर्यंत तो उडत जाऊ नये यासाठी मनगटात जी माया लागते, ती मी दूरदर्शनवर पाहूनही ओळखू शकलो. भारत १६ धावांनी हरला. ती त्यांची शेवटची कसोटी खेळी ठरली, हा योगायोग मी माझ्या मोजमापात धरत नाही, कारण त्याने हळवेपणा वाढतो, खेळीची प्रत नव्हे.

चेन्नई (मूळ सोलापूर, अभियंता)

वरील प्रतिसादाला जोडून लिहितो. जानेवारी १९९९ मध्ये चेपॉकला पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीचा शेवटचा दिवस मी मैदानात बसून पाहिला. २७१ धावांचा पाठलाग, ५ बाद ८२, समोर वसीम, वकार आणि सकलेन. तेथून तेंडुलकर आणि नयन मोंगिया यांनी १३६ धावांची भागीदारी केली. दुपारी पाठीच्या दुखण्यामुळे तेंडुलकर दोन चेंडूंच्या मध्ये खाली बसत होता, बॅटचा आधार घेऊन उठत होता, आणि मग आपल्याला धावता येत नाही हे जाणून चेंडू थेट सीमेपार मारू लागला. सकलेनला मारलेला असाच एक उंच फटका वसीमच्या हाती विसावला तेव्हा केवळ १७ धावा हव्या होत्या. २५४ वर तो बाद झाला आणि २५८ वर संघ संपला.

त्यानंतर पाकिस्तानी खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली आणि आम्ही सगळ्यांनी उभे राहून त्यांना टाळ्या दिल्या. माझ्या शेजारचे तमिळ आजोबा दिवसभर अंपायरवर चिडलेले होते, तेही उठले. मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे तेंडुलकरच्या स्वतःच्याही १३६च भरलेल्या धावांवर एकच शेरा मी ऐकत आलो आहे : 'शेवटपर्यंत टिकला नाही.' सात जणांचे काम सहा तास करणाऱ्याला आठव्याचेही काम का केले नाहीस, असे विचारण्याचा हा प्रकार आहे.

नागपूर

शेरा कठोर असला तरी निराधार नाही. २०१० मध्ये मोहालीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध लक्ष्मणचीही पाठ धरली होती, भारत ८ बाद १२४ वर होता, लक्ष्य २१६ चे होते, आणि तो नाबाद ७३ धावा करून सामना जिंकूनच परतला. माझ्या मोजपट्टीत या ७३ धावा त्या १३६ धावांच्या वर बसतात.

चेन्नई

मोहालीला ईशांत शर्मा याने ३१ धावा केल्या आणि नवव्या गड्यासाठी ८१ धावा जोडल्या गेल्या. चेपॉकला तेंडुलकर बाद झाल्यावर उरलेल्यांनी मिळून चार धावा केल्या. ईशांत वजा केला तर लक्ष्मणच्या ७३ धावांनाही आपण 'झुंजार, पण अपुरी' असेच म्हटले असते.

कोल्हापूर

आमच्या घरात क्रिकेटची चर्चा भाऊसाहेब निंबाळकरांपाशी सुरू होते आणि तेथेच अडकते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या क्लब मैदानावर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम केवळ नऊ धावा दूर होता. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो, असे सांगितले आणि संघासह ते खरोखरच निघून गेले. आजोबा या प्रसंगाचे वर्णन करताना ठाकूरसाहेबांना देत असलेली विशेषणे येथे लिहिण्याजोगी नाहीत.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. निंबाळकर अधिकृत कसोटी एकदाही खेळले नाहीत. ते ४५३ वर पोहोचले असते, तर ते नाव विक्रमांच्या यादीत राहिले असते आणि पुढे १९५९ मध्ये हनीफ मोहम्मद यांच्या ४९९ धावांनी मागे पडून विस्मृतीत गेले असते. आज ते सांगितले जाते ते अन्यायाच्या कथेतील नायक म्हणून. खेळीविषयी, म्हणजे त्यांनी कोणते फटके मारले, कोणत्या गोलंदाजाला कसे खेळले याविषयी, आमच्या घरात कोणालाही काही सांगता येत नाही. एका प्रतिस्पर्धी कर्णधाराचा रुसवा हीच त्या खेळीची ओळख होऊन बसली, याचे मला वाईट वाटते.

ठाणे

मुलतानचे १९४ आठवा. २००४ मध्ये गांगुलीच्या जागी नेतृत्व करणाऱ्या द्रविडने तेंडुलकर द्विशतकापासून सहा धावा दूर असताना डाव घोषित केला. भारत डावाने जिंकला, पाकिस्तानातील तो आपला पहिला कसोटी विजय होता, आणि त्याच डावात सेहवागने त्रिशतक केले होते. तरीही लग्नाच्या पंगतीत विषय निघतो तो सहा धावांचाच.

मेलबर्न (मूळ डोंबिवली)

अजिंक्य रहाणे आमच्या गावचा, त्यामुळे पक्षपाताचा आरोप आधीच मान्य करून लिहिते. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारत ३६ धावांत संपला, कोहली पत्नीच्या बाळंतपणासाठी घरी परतला, शमी जायबंदी झाला आणि 'बदली' कर्णधार म्हणून रहाणे मेलबर्नला नाणेफेकीसाठी आला. साथीमुळे प्रेक्षकांची संख्या मर्यादित होती. त्या मोठ्या मैदानात आवाज विरळ झाल्याने खेळाडूंच्या हाका वरपर्यंत ऐकू येत होत्या.

सर्वांना त्याच्या ११२ धावा आठवतात. मला आधी आठवते ती पहिली सकाळ. खेळपट्टीवर ओलावा असताना त्याने अश्विनला लवकर आणले आणि स्टीव्ह स्मिथसाठी पायामागे पुजाराला उभे केले. स्मिथ शून्यावर नेमका तेथेच झेल देऊन गेला. पहिलीच कसोटी खेळणाऱ्या सिराजला मात्र उपाहारापर्यंत चेंडूच दिला नाही. जुन्या झालेल्या चेंडूवर त्याला मोकळेपणाने सुरुवात करता आली. तिसऱ्या दिवशी जडेजाच्या अर्धशतकासाठी धाव चोरताना रहाणे धावबाद झाला, तेव्हा परत फिरण्यापूर्वी त्याने जडेजाजवळ जाऊन त्याला थोपटले. ॲडलेडला कोहली ७४ वर याच रहाणेच्या हाकेवर धावबाद झाला होता, हे लक्षात घेतले की त्या थोपटण्याचे वजन कळते.

सहा कसोटींत नेतृत्व, चार विजय, दोन अनिर्णित, एकही पराभव नाही. तरी कर्णधारांच्या चर्चेत त्याचे नाव तळटीपेसारखे येते, कारण त्याला कोणी कर्णधार नेमलेच नव्हते. तो दुसऱ्याची खुर्ची सांभाळत होता. बदलाची घोषणा झाली नाही, म्हणून बदल झालाच नाही असे आपण धरून चालतो.

नेरूळ, नवी मुंबई (शाळेत क्रीडाशिक्षिका)

३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील मैदान, महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. माझ्या विद्यार्थिनींनी दुसऱ्या दिवशी विचारले, 'बाई, ८२ वर हीलीने झेल सोडला नसता तर?' प्रश्न रास्त आहे, आणि शंभरी ओलांडल्यावरही तिला आणखी एक जीवदान मिळाले. मी त्यांना सांगितले की झेल सुटल्यानंतरचे चेंडू पाहा. सुटलेल्या झेलानंतर फलंदाज एकतर घाबरून बॅट आखडते किंवा उतावीळ होते. जेमिमाने पुढच्या चेंडूंवर एकेरी धावा काढल्या आणि श्वास जागेवर आणला. शतकानंतर तिने बॅटही उंचावली नाही. लक्ष्य अजून लांब होते. याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध तिला वगळले होते आणि त्या दिवशी तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे तिला ऐनवेळी कळले होते.

त्याआधी ओळीने तीन सामने गमावल्यावर हरमनप्रीत कौरचे कर्णधारपद काढून घ्या, अशी मागणी जोरात होती. तिने या सामन्यात ८९ धावा केल्या, पुढे विश्वचषक उंचावला आणि मागणी करणारे गायब झाले. त्या तीन पराभवांतील क्षेत्ररचनेच्या चुका करंडकाने पुसल्या गेलेल्या नाहीत, आणि त्या चुकांमुळे तिला काढणे तेव्हा शहाणपणाचे ठरले असते असेही नाही.

पुणे (इतिहासाचे प्राध्यापक)

कर्णधारपद मिळालेल्यांविषयी सर्वांनी लिहिले. न मिळालेल्याविषयी थोडे लिहितो. बाळू पाळवणकर पुण्यात गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत मोठे झाले आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चौरंगी स्पर्धेतील (युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा चार संघांची स्पर्धा) हिंदू संघाचे ते वर्षानुवर्षे प्रमुख अस्त्र होते, परंतु जातीमुळे त्यांच्या हाती संघ कधीही सोपवला गेला नाही. १९२० मध्ये त्यांना वगळून नेतृत्व दुसरीकडे गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पाळवणकर कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली.

हा मला माहीत असलेला सर्वांत महत्त्वाचा कर्णधारबदल आहे, आणि तो विठ्ठलरावांच्या विजयामुळे योग्य ठरला असे म्हणणे म्हणजे ते हरले असते तर जातीचा निकष बरोबर होता असे मान्य करण्यासारखे आहे. १९२० च्या त्या वादाविषयी मी त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतील मजकूर गोळा करीत आहे. वाचकांची पत्रे मला विशेषतः हवी आहेत, कारण सामान्य प्रेक्षक बाळूंच्या बाजूने कोणत्या शब्दांत बोलत होते ते त्यांतच सापडेल. कोणाच्या घरी अशी कात्रणे असतील, तर त्यांनी येथे जरूर कळवावे.