पांडवकडा तिकीट लावून खुला करावा, की बंदच ठेवावा?

डोंगरवाट (खारघर)
पावसाने जोर धरला आणि पांडवकड्याच्या वाटेवर बॅरिकेड लागले. दरवर्षीचंच आहे हे. लांबच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो: खारघरच्या डोंगरावरून साधारण १०७ मीटर सरळ खाली कोसळणारा धबधबा. जागा वनखात्याची. वनवासात पांडव इथे येऊन या धारेखाली न्हाले, म्हणून पांडवकडा, अशी आख्यायिका. माणसं वाहून जातात म्हणून बरीच वर्षं पावसाळ्यात प्रवेशबंदी.

माझं म्हणणं, बंदी उठवा आणि तिकीट लावा. बंदीने माणसं थांबत नाहीत, फक्त आडवाटेने जातात, आणि अपघात आडवाटेलाच होतात. २०२३च्या नोव्हेंबरात मेट्रो सुरू झाली, आता बेलापूरहून सेंट्रल पार्कपर्यंत गारेगार डब्यात बसून येता येतं. गर्दी वाढतच जाणार. कास पठारावर ऑनलाइन नोंदणी आहे, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, स्थानिक समितीची माणसं व्यवस्था बघतात. तिथे जमतं ते इथे का नाही?

सेक्टर बारा
कासला फुलं बघायला जातात हो. फूल अंगावर पडून कुणी मेल्याचं ऐकलंय का?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कॉलेजच्या चार मुली इथेच वाहून गेल्या. २०२१च्या जुलैमध्ये खारघरच्या डोंगरात नाल्याला पाणी चढलं आणि ११६ जण पलीकडे अडकले. त्यात ७८ बायका आणि ५ लहान मुलं. अग्निशमन दलाने एकेकाला काढलं. यातला कुठला अपघात तिकिटाने टळला असता ते सांगा, मग पुढे बोलू.

डोंगरवाट (खारघर)
टळला असता. तिकीट म्हणजे वर किती जण आहेत याची नोंद, सोबत माहितगार माणूस, आणि पाऊस वाढला की शिट्टी मारून सगळ्यांना खाली आणायची सोय. आज वर कोण गेलंय हेच कुणाला ठाऊक नसतं.

कातळ (ठाणे)
शिट्टीच्या भरवशावर राहू नका. मी पावसाळाभर डोंगरात फिरणारा माणूस आहे, म्हणून जरा खोलात जातो.

धबधब्याखाली उभं राहिलं की वरचं पठार दिसत नाही. खाली ऊन पडलेलं असतं, पोरं सेल्फी काढत असतात आणि वर धो धो सर येऊन गेलेली असते. आधी पाण्याचा रंग बदलतो. चहासारखं तांबूस होतं, मग पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, पाण्याचा आवाज जड होतो. ज्याला हे कळतं तो तेवढ्यात काठ गाठतो. बाकीचे "वा, पाणी वाढलं" म्हणत मोबाइल काढतात. लोंढा येतो तो त्यानंतर. घोट्याएवढं पाणी बघता बघता मांडीला लागतं, आणि शेवाळलेल्या कातळावर मांडीएवढ्या पाण्यात पाय ठरत नाही.

दुसरी गोष्ट दगडांची. धारेबरोबर वरून दगड येतात. १०७ मीटरवरून सुटलेला दगड, हवेचा अडथळा सोडला तर, पावणेपाच सेकंदांत खाली येतो, ताशी दीडशे किलोमीटरहून जास्त वेगाने. भाड्याचं हेल्मेट घालून त्याखाली उभं राहणार का? धारेखाली जाऊ देणं कुठल्याच व्यवस्थेत बसत नाही. सोबतचा माहितगार कितीही तयारीचा असला तरी.

इतिहासाचा विद्यार्थी
जरा वेगळा मुद्दा. ही पांडवांची गोष्ट इतकी ठासून का सांगताय? पांडव वनवासात इतके हिंडले की महाराष्ट्रात दर दहा कोसांवर त्यांची एक आंघोळ निघते. नाशिकची पांडवलेणी बौद्ध आहेत, तिथे सातवाहन आणि क्षहरात राजांचे शिलालेख आहेत. ठाणे जिल्ह्यातलं अंबरनाथचं शिवमंदिरही म्हणे पांडवांनी एका रात्रीत बांधलं. प्रत्यक्षात शिलाहारांच्या काळातलं, शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०. खारघरला तर शिलालेखही नाही. उद्या तिकीटखिडकीशेजारी भीमाचा पुतळा बसेल आणि तोच इतिहास म्हणून खपेल.

सेक्टर बारा
बसलाच तर त्याच्या हातात "पाण्यात उतरू नये" अशी पाटी द्या. गदेला तरी लोक घाबरतील.

मुरबाडची लेक (कळवा)
दादा, गोष्ट खरी की खोटी हा वाद बाजूला ठेवा. ती लोकांना काय करायला लावते ते बघा. पांडव न्हाले म्हणता, मग ऐकणाऱ्यालाही न्हायचंच असतं.

माझ्या आजोळी नदीच्या डोहाकाठी सात दगड शेंदूर लावून मांडलेले होते. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता. अवसेला आजी तिथे हळदकुंकू, खण आणि हिरव्या बांगड्या ठेवायची. आम्हा पोरांना सांगून ठेवलेलं, भर दुपारी एकट्याने डोहावर गेलात तर आसरा पाय धरून आत ओढतात. आम्ही काठावर बसून खडे मारायचो, पण डोहात उतरायची कुणाची टाप नव्हती. त्या डोहात भोवरा होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. पांडवकड्याला पांडवांऐवजी आसरा लाभल्या असत्या तर बॅरिकेडची गरज कमी पडली असती.

कातळ (ठाणे)
ताई, छान लिहिलंत, पण हे पटत नाही. कुणी बुडालं की "आसरांनी नेलं" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हेही गावोगाव चालतंच. आसरांवर खापर फोडलं की दोर, कठडा, पाटी यांतलं काहीच लावावं लागत नाही. आणि आजच्या पोरांना आसरा सांगा, त्याच दिवशी "भुताटकीचा धबधबा" म्हणून रील निघेल आणि गर्दी दुप्पट होईल.

मुरबाडची लेक (कळवा)
रीलचं खरं आहे. पण कातळकाका, पाटी तरी कोण वाचतं? तिच्यावर पाय देऊन फोटो काढतात. भीती घालायला काहीतरी हवंच, तुमचा ताशी दीडशेचा दगड चालत असेल तर तो घ्या.

वाडीवरचा
तुम्ही सगळे खालचे. आम्ही वर राहतो. या डोंगरावर आदिवासी पाडे आहेत, चाफेवाडी, फणसवाडी. बंदोबस्त लागला की आमची गाडीपण अडवतात, आधार कार्ड दाखवा म्हणतात. स्वतःच्या घरी जायला.

आमच्या बायका पावसात टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी घेऊन खाली विकायला येतात. सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसू देत नाही. रविवारी धबधब्याच्या वाटेवर बसल्या तर टोपली लवकर खपते. त्यामुळे बंदी राहिली तर आमचं नुकसान आहे, हे आधी सांगतो. पण उघडलं तर काय होणार तेपण दिसतंय. ठेका बाहेरच्याला मिळणार, पार्किंग बाहेरच्याचं, आणि कुणी अडकलं की रात्री हाका मात्र आम्हाला मारणार. आजपण मारतात. पोरं दोर घेऊन जातात, पैसे कुणी देत नाही, मागितलेपण नाहीत. डोंगरवाट दादा, तुमच्या समितीत आमची माणसं किती? ते आधी लिहा.

डोंगरवाट (खारघर)
निम्म्याहून जास्त असावीत, असं माझं मत. आणि तिकिटातला वाटा थेट पाड्यांना.

वाडीवरचा
मत नको. कागद दाखवा.

कातळ (ठाणे)
मधला मार्ग आहे आणि तो आधीपासून लोकांना माहीत आहे. साताऱ्याच्या ठोसेघरला लोक समोरच्या बाजूने, कठड्याआडून धबधबा बघतात. पांडवकडा तर गोल्फ कोर्सच्या बाजूच्या रस्त्यावरूनही दिसतो. तिथे पक्का सज्जा बांधा, वाडीतल्या बायकांना बसायला पत्र्याची शेड द्या, कर्नाळ्याच्या अभयारण्यात घेतात तशी प्लास्टिकच्या बाटलीवर अनामत घ्या. त्यापुढे कुणालाच सोडायचं नाही, साहेबाच्या ओळखीच्यालाही नाही.

डोंगरवाट (खारघर)
काका, शंभर मीटरचा धबधबा लांबून बघायला मुंबईहून कोण येईल? लोकांना भिजायचं असतं.

सेक्टर बारा
भिजायला पाऊस आहे की. फुकट.

डोंगरवाट (खारघर)
थट्टा सोडा. भिजायची जागा दिली नाहीत तर सज्ज्याच्या कठड्यावरून उड्या मारून जातील. खाली नाल्याला जिथे पात्र पसरट आहे, तिथे एक टप्पा आखून द्या. पिवळा इशारा असेल तेव्हा वीसच माणसं, नारिंगी किंवा लाल असेल तर गेट बंद.

कातळ (ठाणे)
हवामान खात्याचा इशारा अख्ख्या जिल्ह्याचा असतो, या एका नाल्याचा नाही. पिवळ्या इशाऱ्यातही नाला फुगतो. वर पठारावर वाडीतलाच एक माणूस बिनतारी संच घेऊन बसवा आणि त्याला पगार द्या. त्याने सांगितलं की गेट बंद. एवढं होणार असेल तर तुमच्या पसरट टप्प्याला माझी हरकत नाही. धारेखाली मात्र नाहीच.

वाडीवरचा
पगार महिन्याच्या महिन्याला असेल तर माणूस मी देतो. पण रविवारी दुपारी पाचशे माणसं तिकीट काढून उभी असताना त्याने वरून "बंद करा" सांगितलं, तर खालचा ठेकेदार ऐकेल का?

सेक्टर बारा
डोंगरवाट, याचं उत्तर द्या.

डोंगरवाट (खारघर)
ठेकेदारच नको. गेटची किल्लीपण वाडीकडे द्या.

सेक्टर बारा
हे वनखात्याला पटवून या. तोवर माझं मत बंदीलाच.