मदत हवी आहे: रंगीत सिल्व्हर ईगलवर हिरवट थर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे अमेरिकन सिल्व्हर ईगल या चांदीच्या नाण्याची १ औंसची नऊ नाणी आहेत, सगळी नंतर रंगवलेली. यूएस मिंट (अमेरिकेची सरकारी टांकसाळ) ती रंगीत काढत नाही. खाजगी कंपन्या साधं नाणं घेऊन त्यावर रंग छापतात, हे ठाऊक आहे. तरी मला ती मनापासून आवडतात, त्यामुळे चांदीच्या भावाने विकायचा सल्ला नको.

अडचण २००४ च्या नाण्याची आहे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात राहून त्याच्या कडेला हिरवट, चिकट थर आलाय, पाकिटाच्या पीव्हीसी प्लास्टिकचाच असणार. नाण्यावरच्या लिबर्टी या स्त्री-आकृतीच्या झग्यावरचा निळा रंग शाबूत आहे, पण थर त्याच्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर आहे. वजन ३१.१ ग्रॅम, व्यास ४०.६ मिमी, दोन्ही बरोबर भरतात.

साधं नाणं असतं तर सरळ अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलं असतं, पण त्याने रंगही निघेल ही भीती. आतापर्यंत फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मऊ कापडाने टिपलं, काहीच फरक नाही. बाकीची आठ कडक कॅप्सूलमध्ये हलवली आहेत. चांदी चमकवायची पावडर वापरणार नाही.

कापसाच्या काडीने फक्त कडेला अ‍ॅसिटोन लावून कुणी असा थर काढलाय का, आणि शेजारचा रंग टिकला का?