साथीच्या काळात शंका विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढलं, चुकलं का माझं?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात आहे, आज लिहूनच टाकतो. २०२१ मध्ये मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन पण मीच. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर ६-८ आठवड्यांवरून एकदम १२-१६ आठवडे केलं, तेव्हा बी विंगमधले एक रिटायर्ड काका रोज विचारायला लागले की हे खरंच अभ्यास करून केलंय का लस कमी पडतीये म्हणून. लस बनते आपल्या पुण्याजवळच्या मांजरी गावात, सिरमच्या कारखान्यात, आणि आपल्याला स्लॉट मिळत नाही, असं पण लिहायचे. मी दोनदा सांगितलं काका अफवा नको, तिसऱ्यांदा सरळ रिमूव्ह केलं. तेव्हा सोसायटीत सात घरं पॉझिटिव्ह होती, दोन माणसं गेलेली, माझीही झोप उडालेली होती. पण त्याच ग्रुपवर कापूर-ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो हा मेसेज चार जणांनी टाकला होता आणि तो मी तसाच राहू दिला, हे आता लक्षात येतं. काका आजही लिफ्टमध्ये भेटले तर बोलत नाहीत. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

नर्सताई:
मी तेव्हा लसीकरण केंद्रावर होते, म्हणून पोटतिडकीने लिहितेय. त्या पुरचुंडीनं माणसं घरी बसून राहिली हो. एक आजोबा आले तेव्हा ऑक्सिजन ७८ होता, मुलगा म्हणाला दोन दिवस हुंगवतोय, थोडा फरक वाटत होता. ते वाचले नाहीत. त्यामुळे कुणी काहीही पसरवावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण काकांनी विचारलं तो प्रश्न होता, औषध नव्हतं सांगितलं. आणि खरं सांगू का, लोकांचा विश्वास उडाला तो नुसत्या फॉरवर्डमुळे नाही. मास्कचंच बघा, सुरुवातीला सांगितलं निरोगी माणसाला गरज नाही, मग एप्रिल २०२० मध्ये घरी शिवलेला पण चालेल पण घाला, मग रस्त्यावर ५०० रुपये दंड. सल्ला बदलणं चूक नाही, आजार नवीन होता, शिकत होतो सगळेच. पण का बदललं ते कुणी चार वाक्यात सांगायला पाहिजे होतं, आम्हालाच माहीत नसायचं तर समोरच्याला काय सांगणार.

प्रयोगशाळेतला:
@सिंहगडरोडकर काकांच्या प्रश्नाला खरं उत्तर होतं, म्हणून जास्त वाईट वाटतं. कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्डचीच लस, तिच्या चाचण्यांचा डेटा फेब्रुवारी २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, त्यात १२ आठवडे किंवा जास्त अंतर असलेल्यांत परिणामकारकता ८१ टक्के आणि ६ आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत ५५ टक्के. म्हणजे अंतर वाढवण्याला आधार होता. पण जूनमध्ये लसीकरणाच्या सरकारी सल्लागार समितीतल्याच तिघांनी उघड सांगितलं की ८ ते १२ आठवडे ठीक होतं, १२ च्या पुढे जायला पुरेसा डेटा नव्हता. काकांनी बोट ठेवलं होतं बरोब्बर तिथेच.
प्लाझ्माचं, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव पेशंटला देण्याचं, पण तेच. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची स्वतःची चाचणी, ४६४ पेशंट, फायदा नाही असं ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं, आणि उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा गेला मे २०२१ मध्ये. मधले सात महिने लोक रात्रभर डोनर शोधत फिरले. हे मोठ्यांदा बोलणारे जास्त असते तर एवढा वेळ लागला नसता असं मला वाटतं.
पण शंका घेणारा नेहमी बरोबरच असतो असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिका-इंग्लंडच्या तीन प्राध्यापकांनी ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा काढला, की म्हाताऱ्यांना जपा आणि बाकीच्यांना मोकळं सोडा, संसर्ग होऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती येईल. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या तेव्हाच्या संचालकांनी ईमेलमध्ये त्याचा जाहीर फडशा पाडा असं लिहिलं, जे अजिबात शोभणारं नव्हतं. पण मला तो जाहीरनामा आजही पटत नाही. पुण्यातल्या जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीत एका खोलीत तीन पिढ्या राहतात, आजीला वेगळं ठेवणार कुठे? आणि पुण्याच्याच सिरो सर्व्हेत (रक्त तपासून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते बघतात) जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पाच प्रभागांत ५१.५ टक्के लोकांत अँटीबॉडी सापडल्या होत्या, तरी मार्च-एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात काय झालं ते सगळ्यांनी भोगलंय. तर असं वाद घालून खोडता येतं, तोंड बंद करायची गरज नाही.

पेठेतली वकील:
ह्यात आपल्या शहराचा इतिहास विसरू नका. २०२० मध्ये लावलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा, चारच कलमं, त्यातलं शेवटचं अधिकाऱ्यांना संरक्षण देणारं. त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँडचे सैनिक पेठांमधून घराघरात शिरले, देवघरापर्यंत. जूनमध्ये गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडला गोळ्या घातल्या आणि केसरीतल्या लिखाणावरून टिळकांना राजद्रोहात दीड वर्ष शिक्षा झाली. गोखल्यांनी इंग्लंडमध्ये सैनिकांच्या वागण्याबद्दल सांगितलं तर पुरावा उभा करता आला नाही म्हणून त्यांना माफी मागावी लागली. लोक मग पेशंट लपवायला लागले. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या हेही लक्षात ठेवा, म्हणजे आजार खोटा नव्हता, काम पण गरजेचं होतं, पण बोलायची सोय नव्हती.
आणि ३० एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की ऑक्सिजन, बेड मिळत नाही असं कुणी सोशल मीडियावर लिहिलं म्हणून कारवाई केली तर तो कोर्टाचा अवमान समजू. सोसायटीच्या अ‍ॅडमिनला हे लागू नाही हे मान्य, पण त्यातली भावना लागू आहे.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे आभार. @नर्सताई तुमचं वाचून पोटात गोळा आला, तो मेसेज मीच काढायला हवा होता. @प्रयोगशाळेतला ते ८१ आणि ५५ तेव्हा मला माहीत असते तर मी काकांना उत्तर दिलं असतं हो, मला काहीच माहीत नव्हतं आणि भीती वाटत होती, म्हणून काढलं. रविवारी जातो त्यांच्याकडे. तो लॅन्सेटचा लेख कुठे वाचायला मिळेल, लिंक द्याल का, प्रिंट काढून नेतो, काकांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो.

प्रयोगशाळेतला:
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. समितीतल्या तिघांची बातमी पण त्यात आहे, ती आधी द्या त्यांना.